फाउस्तो कोप्पी : दोन पायांचा ताळेबंद

इटलीतील सायकलशर्यतींच्या हंगामाची अखेर ज्या शर्यतींनी होत असे, त्यांत ‘त्रोफेओ बाराक्की’चे स्थान वेगळे होते. दोन-दोन सायकलपटूंच्या जोड्या, शंभर किलोमीटरहून अधिक अंतर आणि स्पर्धा थेट घड्याळाशी, असे तिचे स्वरूप. १९५७ च्या शर्यतीत एर्कोले बाल्दिनी हा चोवीस वर्षांचा तरुण उतरला होता. आदल्याच वर्षी त्याने मेलबर्न ऑलिंपिकचे सुवर्णपदक आणि तासाभरात सर्वाधिक अंतर कापण्याचा विश्वविक्रम अशी दुहेरी कमाई केली होती. त्याचा जोडीदार मात्र अडतीस वर्षांचा होता. वर्षाच्या आरंभी सार्डिनिया बेटावरील सासारी येथे पडून त्याच्या मांडीचे हाड मोडले होते. त्या वयात असा अपघात झालेला सायकलपटू पुन्हा शर्यतीत उतरला, तरी ते कौतुकाचे ठरले असते. या जोडीने शर्यत जिंकली. त्या जोडीदाराचे नाव फाउस्तो कोप्पी.

इटलीने त्याला ‘काम्पिओनिस्सिमो’, म्हणजे विजेत्यांतील विजेता, ही पदवी दिली. पाच वेळा ‘जिरो दी’इटालिया’, दोन वेळा ‘टूर द फ्रान्स’, एकदा विश्वविजेतेपद, पाच वेळा लोम्बार्डीची शर्यत आणि तीन वेळा मिलान-सान रेमो ही त्याच्या विजयांची केवळ ठळक यादी. छायाचित्रांतील त्याची लांबसडक, संथ लयीत फिरणारी पावले पाहिली, की हा मनुष्य कधी दमत नसावा असे वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. कोप्पीची कारकीर्द म्हणजे मोडणाऱ्या हाडांशी, असमान होणाऱ्या बळाशी आणि साचत जाणाऱ्या थकव्याशी वीस वर्षे चाललेला झगडा होता.

खाटकाच्या दुकानातील पोऱ्या

कोप्पीचा जन्म १५ सप्टेंबर १९१९ रोजी पिडमाँट प्रांतातील कास्तेल्लानिया या टेकडीवरच्या लहानशा गावी झाला. घर शेतकऱ्याचे, भावंडे पाच. शाळेत त्याचे मन रमले नाही आणि शेतीच्या कष्टांना पुरे पडेल असा देहही नव्हता. किशोरवयातच तो नोव्ही लिगुरे या गावातील एका खाटकाच्या दुकानी कामाला लागला. मांसाची पुडकी सायकलवरून गिऱ्हाइकांच्या घरी पोहोचविणे हे त्याचे काम. टेकड्यांच्या त्या मुलखात रोज सायकल हाकताना त्याला आपल्या अंगच्या गुणाचा पत्ता लागला. व्यापारी जहाजावर नोकरी करणाऱ्या काकाने दिलेल्या पैशांतून त्याने शर्यतीची सायकल घेतली.

त्याच नोव्ही गावात बियाजिओ काव्हान्ना नावाचा एक मालिश करणारा राहत असे. पूर्वीचा महान सायकलपटू कोस्तान्ते जिरार्देंगो याच्या पायांना त्याने मालिश केले होते. पुढे काव्हान्नाची दृष्टी गेली. डोळ्यांचे काम त्याने बोटांवर सोपविले. स्नायू कोठे ताठला आहे, कोठे गाठ धरली आहे, कोठे ढिला पडला आहे, हे तो स्पर्शाने ओळखत असे. खाटकाच्या दुकानातील या किडकिडीत मुलाचे अंग चाचपल्यावर त्याला त्यात काही निराळे जाणवले आणि त्याने त्याला हाताशी धरले. पुढे काव्हान्ना कोप्पीचा केवळ मालिशवाला राहिला नाही. सराव किती करायचा, विश्रांती कधी घ्यायची, काय खायचे आणि कोणत्या शर्यतीत उतरायचे, या सर्वच बाबतींत त्याचा शब्द अखेरचा ठरू लागला.

कोप्पीची शरीरयष्टी विचित्र होती. पाय बेताबाहेर लांब, छाती खोल, खांदे अरुंद. पायी चालताना तो काहीसा बेढब दिसे. सायकलवर बसताच मात्र तोच देह एखाद्या यंत्रासारखा जुळून येई. हृदयाची गती संथ होती आणि फुप्फुसांची क्षमता असाधारण. हाडे मात्र त्या मानाने कच्ची होती. निसर्गाने एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्याचा प्रत्यय त्याला पुढे वारंवार आला.

१९४० मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी तो जिनो बार्ताली या प्रस्थापित विजेत्याचा सहायक म्हणून जिरोत उतरला. सुरुवातीच्याच टप्प्यात एक कुत्रा आडवा आल्याने बार्ताली पडला व मागे राहिला. फ्लोरेन्स ते मोडेना या टप्प्यात आबेतोनेच्या घाटात कोप्पीने सर्वांना मागे टाकले आणि सहायकच विजेता झाला. ९ जून रोजी शर्यत संपली. दुसऱ्याच दिवशी इटलीने युद्धात उडी घेतली. ७ नोव्हेंबर १९४२ रोजी युद्धाच्या छायेतच त्याने मिलानच्या व्हिगोरेल्ली मैदानावर तासाभरात ४५.७९८ किलोमीटर अंतर कापले. आधीचा विक्रम अवघ्या ३१ मीटरनी मोडला. पुढची चौदा वर्षे तो अबाधित राहिला. या विक्रमानंतर काही महिन्यांतच सैनिक कोप्पीची रवानगी ट्युनिसियाच्या आघाडीवर झाली आणि एप्रिल १९४३ मध्ये तो ब्रिटिशांच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडला.

एका पायाचे देणे दुसऱ्याच्या माथी

सुटकेनंतरचा कोप्पी अधिकच प्रबळ होऊन आला. १९४६ च्या मिलान-सान रेमो शर्यतीत त्याने दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धकाला तब्बल चौदा मिनिटांनी मागे टाकले. १९४९ मध्ये कुनेओ ते पिनेरोलो या टप्प्यात पाच घाट ओलांडत तो १९२ किलोमीटर एकटाच पुढे राहिला आणि बार्ताली जवळजवळ बारा मिनिटांनी पोहोचला. त्याच उन्हाळ्यात टूरच्या आरंभी अपघातामुळे तो अर्ध्या तासाहून अधिक मागे पडला होता. शर्यत सोडून देण्याच्या मनःस्थितीत असतानाही अखेरीस त्याने ती जिंकली. एकाच वर्षी जिरो आणि टूर जिंकणारा तो पहिला सायकलपटू ठरला.

२ जून १९५० रोजी हे सारे थांबले. जिरोच्या व्हिचेन्झा ते बोल्झानो या टप्प्यात प्रिमोलानोजवळ तो पडला आणि त्याच्या कमरेच्या हाडाला तीन ठिकाणी मोड बसली. त्याच वसंतात त्याने पॅरिस-रूबे जिंकली होती. आता त्याला अंथरुणावर निश्चल पडून राहणे भाग होते.

ही दुखापत सायकलपटूसाठी किती गंभीर असते, हे समजण्यासाठी सायकलच्या यंत्रणेकडे पाहावे लागते. दोन्ही क्रँक एकाच आसावर परस्परांच्या विरुद्ध दिशांना बसविलेले असतात. उजवा पाय खाली दाबला जात असताना डावा वर येत असतो. वर येणाऱ्या पायाने स्वतःचा भार स्वतः उचलला नाही, तर तो भार खाली दाबणाऱ्या पायाला उचलावा लागतो. मिनिटाला ९० फेरे या गतीने प्रत्येक पाय तासाला ५,४०० वेळा हे काम करतो. पाच तासांच्या टप्प्यात हा आकडा २७,००० वर जातो. एका पायात थोडी जरी उणीव असली, तरी एवढ्या वेळा गुणली गेल्यावर ती मोठी होते.

कमरेचे हाड हा या साऱ्या यंत्रणेचा पाया आहे. मांडीचे, नितंबांचे आणि पाठीचे बळकट स्नायू तेथे येऊन मिळतात. ते हाड मोडले, की वेदना टाळण्यासाठी शरीर नकळत एका बाजूवर भार टाकू लागते. काही आठवडे हालचाल बंद राहिली, तर मांडीचा स्नायू झपाट्याने रोडावतो. हाड जुळून आले तरी स्नायू परत येण्यास कितीतरी अधिक काळ लागतो. मधल्या काळात सबळ पाय दुबळ्याचे देणे फेडत राहतो. ताजेतवाने असताना हा हिशेब कोणाच्या ध्यानात येत नाही. शर्यतीचा चौथा-पाचवा तास सुरू झाला, की सबळ पायही थकतो, कंबर सीटवर डोलू लागते आणि पाठ दुखू लागते. थकवा ही उणीव निर्माण करतो असे नाही, पण लपलेली उणीव तो उघडी पाडतो.

आजच्या सायकलपटूकडे डाव्या व उजव्या पायाचे बळ वेगवेगळे मोजणारी पेडल आहेत. निरोगी माणसाच्या दोन पायांतही थोडा फरक असतो आणि प्रत्येक फरक दुरुस्त करण्याची गरज नसते, हेही आता ज्ञात आहे. दुखापतीनंतर एका पायाचे स्वतंत्र व्यायाम, सीटची उंची व बुटाची बैठक यांत सूक्ष्म बदल आणि भार हळूहळू वाढविणे, हे उपाय रुळले आहेत. १९५० मध्ये यातील मापनाची साधने नव्हती. होते ते काव्हान्नाचे हात. दोन मांड्या आळीपाळीने चाचपून कोणती मागे आहे हे ओळखणे आणि किती ताण सोसेल याचा अंदाज बांधणे, एवढ्यावरच सारी भिस्त होती.

मनाचा थकवा

शरीर सावरू लागले, तोच आघातांची मालिका सुरू झाली. मार्च १९५१ मध्ये मिलान-तुरिन शर्यतीत कोप्पीचे कॉलरबोन मोडले. २९ जून रोजी पिडमाँटच्या शर्यतीत त्याचा धाकटा भाऊ सेर्से तुरिनमध्ये ट्रामच्या रुळात चाक अडकून पडला. उठून तो आपल्या पायांनी हॉटेलवर परतला. काही तासांत मेंदूतील रक्तस्रावाने त्याचा मृत्यू झाला. सेर्से हा मोठा विजेता नव्हता, पण अबोल आणि स्वतःविषयी सतत साशंक असणाऱ्या फाउस्तोचा तो आधार होता. चेहऱ्याने सारखे दिसणारे हे दोघे भाऊ स्वभावाने मात्र परस्परांना पूरक होते. कोप्पी सायकल कायमची सोडण्याच्या विचारात होता.

तरीही काही दिवसांतच तो टूरच्या प्रारंभरेषेवर उभा राहिला. कार्कासोन ते माँपेल्ये या टप्प्यात रणरणत्या उन्हात त्याचे शरीर अचानक निकामी झाले. वांत्या होऊ लागल्या, पायांतील बळ सरले. सहकाऱ्यांनी त्याला अक्षरशः सांभाळून शेवटच्या रेषेपर्यंत आणले. त्या एका दिवसात त्याने अर्ध्या तासाहून अधिक वेळ गमावला. स्नायूंचा थकवा मोजता येतो, पण शोकाचा थकवा कोणत्या मापात बसवायचा, हा प्रश्न त्या दिवशी माँपेल्येच्या रस्त्यावर उभा राहिला होता. विशेष म्हणजे त्याच शर्यतीत पुढे गॅप ते ब्रियाँसाँ हा आल्प्समधील टप्पा त्यानेच जिंकला. एकूण क्रमवारीत तो दहावा आला. विजयांच्या यादीत त्या दहाव्या क्रमांकाला स्थान नाही.

कोप्पीने थकव्याकडे नशिबाचा भाग म्हणून पाहिले नाही. तो त्याला हिशेबाचा विषय मानत असे. त्या काळी सायकलपटू शर्यतीपूर्वी भरपेट मांसाहार करीत. कोप्पीने हलका, पचनास सोपा आहार स्वीकारला आणि शर्यतीत थोडे-थोडे खात राहण्याची शिस्त लावून घेतली. सरावात सलग अंतर कापण्याबरोबरच मध्येच वेग वाढविण्याचा अभ्यास तो करी. झोप आणि मालिश यांच्या वेळा ठरलेल्या असत. त्याच्या भोवती सहायकांची अशी फळी बियांकी संघाने उभी केली, की वारा अडविणे, पाणी आणणे, चाक देणे ही कामे इतरांनी करावीत आणि कोप्पीचे बळ निर्णायक घाटासाठी राखले जावे. आज व्यावसायिक संघांत सर्रास दिसणाऱ्या या व्यवस्थेची घडी बसविण्यात त्याचा वाटा मोठा होता.

या हिशेबाला एक काळी बाजूही होती. थकवा दडपणाऱ्या उत्तेजक गोळ्या त्या काळी सायकलपटूंमध्ये प्रचलित होत्या आणि त्यांवर क्रीडाक्षेत्रात बंदी नव्हती. आपण त्या घेत असल्याचे कोप्पीने उघडपणे मान्य केले होते. थकवा ही शरीराने दिलेली सूचना असते आणि सूचना दडपली म्हणजे धोका टळत नाही, हे सायकलजगताला पुढे अनेक दुर्दैवी मृत्यूंनंतर उमगले.

दोन वर्षांच्या या पडझडीनंतर १९५२ चा कोप्पी पाहणाऱ्यांना थक्क करून गेला. जिरो त्याने जिंकलीच. टूरमध्ये आंद्रेआ कार्रेआ या त्याच्या सहायकाकडे अनपेक्षितपणे पिवळी जर्सी आली, तेव्हा आपल्या नायकाची वस्तू आपल्या अंगावर आली म्हणून तो रडला होता. दुसऱ्याच दिवशी आल्प द्यूएझच्या घाटावर टूरचा पहिलाच टप्पा संपला. तो कोप्पीने जिंकला आणि जर्सी त्याच्याकडे गेली. अखेरीस त्याची आघाडी २८ मिनिटांहून अधिक होती. शर्यतीतील रस टिकावा म्हणून आयोजकांना दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीस वाढवावे लागले. १९५३ मध्ये स्तेल्व्हियोच्या बर्फाळ घाटात ह्यूगो कोब्लेटला मागे सारून त्याने पाचवी जिरो जिंकली आणि ऑगस्टअखेर लुगानो येथे विश्वविजेतेपद पटकाविले. तेहतीस वर्षांच्या कोप्पीचे ते शिखर होते.

उतरणीचा घाट

त्यानंतरची वर्षे उतरणीची होती. विवाहित कोप्पीचे जूलिया ओक्किनी या विवाहितेशी जुळलेले नाते इटलीत गाजले. त्या काळच्या कायद्यानुसार व्यभिचार हा गुन्हा होता. दोघांवर खटला चालला, १९५५ मध्ये शिक्षाही झाल्या, पण त्यांची अंमलबजावणी स्थगित राहिली. ज्या रस्त्यांवर त्याच्या नावाचा जयघोष होई, तेथे आता शेरेही कानी पडू लागले. १९५६ च्या लोम्बार्डी शर्यतीत आघाडीवर असूनही अखेरच्या क्षणी आंद्रे दारिगादने त्याला गाठले. थोडक्यात हुकलेल्या त्या विजयानंतर कोप्पीला अश्रू आवरले नाहीत.

आणि मग १९५७ मध्ये मांडीचे हाड मोडले. तरुण सायकलपटूलाही अशा दुखापतीतून दोन्ही पायांचे बळ सारखे करण्यास बराच काळ लागतो. कोप्पीने अडतिसाव्या वर्षी पुन्हा तीच वाट धरली. बाराक्की शर्यतीत जोडीदारांनी आलटून पालटून पुढे राहून वारा झेलायचा असतो. सबळ जोडीदाराने अति जोर लावला तर दुबळा मागे पडतो आणि दोघांचीही शर्यत संपते, कारण वेळ दुसऱ्याचा धरला जातो. दोन पायांचे जे गणित एका शरीरात, तेच येथे दोन माणसांत. बाल्दिनी आणि कोप्पी यांनी ते सोडविले. कोप्पीच्या मोठ्या विजयांपैकी हा अखेरचा. निवृत्तीची घोषणा त्याने त्यानंतरही केली नाही. रस्त्यावर तो येत राहिला, मागे पडत राहिला. वीस वर्षे शरीराचा हिशेब चोख ठेवणाऱ्या माणसाला थांबण्याची वेळ मात्र ठरविता आली नाही.

डिसेंबर १९५९ मध्ये आज बुर्किना फासो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अप्पर व्होल्टा देशात प्रदर्शनीय शर्यतीसाठी युरोपातील काही सायकलपटू गेले. शर्यतीनंतर शिकारीचाही बेत होता. तेथे कोप्पी आणि फ्रेंच सायकलपटू राफाएल जेमिनियानी हे एकाच खोलीत राहिले. मायदेशी परतल्यावर दोघांनाही तीव्र ताप भरला. फ्रान्समधील डॉक्टरांनी रक्त तपासून मलेरियाचे निदान केले आणि क्विनाइन सुरू केले. जेमिनियानी वाचला. त्याच्या कुटुंबीयांनी इटलीला ही माहिती कळविली, परंतु कोप्पीवर उपचार करणाऱ्यांनी तिची दखल घेतली नाही. आजार श्वसनमार्गाचा असल्याच्या समजुतीने उपचार होत राहिले. २ जानेवारी १९६० रोजी तोर्तोना येथील रुग्णालयात कोप्पीने अखेरचा श्वास घेतला. तो चाळीस वर्षांचा होता. जेमिनियानी त्यानंतर ६४ वर्षे जगला आणि २०२४ मध्ये वयाच्या ९९ व्या वर्षी वारला.

मोडलेली कंबर, खांदा आणि मांडी यांतून जो उठला, त्याला ओळखू न आलेल्या तापाने नेले. ज्या रोगावर औषध उपलब्ध होते आणि ज्याची सूचना दूरध्वनीवरून दाराशी येऊन थांबली होती, त्या रोगाने त्याचा बळी घेतला, ही सल इटलीच्या मनात कायमची राहिली.

कास्तेल्लानियाच्या टेकडीवर फाउस्तो आणि सेर्से हे भाऊ आज शेजारी शेजारी विसावले आहेत. १९६५ पासून जिरोच्या मार्गावरील सर्वांत उंच घाटाला ‘चिमा कोप्पी’ म्हटले जाते. त्याच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २०१९ मध्ये, गावाचेच नाव कास्तेल्लानिया कोप्पी असे करण्यात आले. त्या टेकड्यांवर आजही सायकलपटू येतात. त्यांच्या हँडलवरील छोट्या पडद्यावर डाव्या आणि उजव्या पायाचे आकडे उमटत असतात. कोप्पीच्या काळी ते आकडे एका अंध माणसाच्या बोटांना ठाऊक होते.